शॉर्ट हॉरर फिल्म बघून लोक घाबरायच्या जागी हसतात? भूत नंतर बघू, आधी घर तपासा

दरवर्षी गणपती उरकले की मला बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांचे फोन यायला लागतात. जून ते सप्टेंबर जांबोटी, कणकुंबी, आमगाव ह्या पट्ट्यात धुकं, पाऊस, ओली कौलं, भर दुपारी दाटलेला अंधार असं सगळं एक रुपया न घालता मिळतं, मग चार दोस्त मिळून दोन दिवसात हॉरर शॉर्ट फिल्म करून मोकळे होतात आणि दाखवायची वेळ आली की सगळ्यांचं म्हणणं एकच, "दादा, रात्री एडिट करताना आमचीच फाटलेली ओ, पण लोकांना दाखवली तर हसायला लागले."

मी मूळचा लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करणारा, पण जीव अडकलाय तो अशा फिल्मांच्या साउंडमधे, त्यामुळं ह्या तक्रारीच्या बऱ्याच फायली माझ्या लॅपटॉपवर उघडून झाल्यात. आणि आमच्या स्वतःच्या पहिल्या फिल्मचं पण हेच झालेलं. गल्लीत मंडपाला लागून पडदा लावला, दीडशे माणूस बसलेलं, आमचं भूत न्हाणीच्या दारातनं बाहेर आलं आणि पुढच्या ओळीतली लहान पोरं खिदळायला लागली, मग बायका, मग सगळेच. त्या रात्री मला झोप नाही आली. तेव्हापासनं हे नेमकं कुठं बिघडतं ते शोधायचा नादच लागला, म्हणून हे सविस्तर लिहितोय, लांबलंय पण ज्याची फिल्म अडकलीय त्याला उपयोग होईल.

पहिली गोष्ट, मेकअप बदलायला धावू नका. बहुतेक जण तिथंच जातात, अजून काळं काजळ, अजून लांब केस, अजून मोठा किंचाळीचा आवाज. भूत दिसायच्या आधीच फिल्म पडलेली असते, हसू फक्त तिथं बाहेर पडतं. त्यामुळं आधी निदान करा. चार-पाच अशी माणसं बसवा ज्यांनी शूटिंग बघितलेलं नाही, आणि तुम्ही पडद्याकडं बघू नका, त्यांच्याकडं बघा. कोण कधी मोबाईल काढतंय, कोण कधी शेजारच्याच्या कानात काय विचारतंय, हसू कितव्या सेकंदाला येतंय ते वहीत लिहा. "ही कुठं चालली आता?" असं कोणी कुजबुजलं की समजा रोग सापडला.

रोग हा आहे. तुम्ही त्या घरात दोन दिवस राहिलेला असता, त्याची प्रत्येक खिडकी तुम्हाला पाठ असते, म्हणून रात्री एडिट करताना दार किंचित उघडं दिसलं तरी तुमच्या पोटात गोळा येतो. प्रेक्षकाला ते दार आधी बंद होतं हेच माहीत नसतं. रोजचं काय आहे ते ठाऊक नसेल तर बिघडलेलं काय ते कळणार कसं? कॅमेरा असो, आवाज असो, जागा असो, माझ्याकडं आलेल्या फिल्मांमधे तिन्हीकडं हीच एक चूक परत परत असते, की रोजचं घर दाखवायच्या आधीच त्यात भूत घातलेलं असतं.

कॅमेरा: नकाशा काढायला लावा

ही टेस्ट मला फार कामाला आलीय. फिल्म बघितलेल्या माणसाला कागद-पेन द्या आणि म्हणा ह्या घराचा नकाशा काढ, सोपा (पुढची ओसरी) कुठं, माजघर कुठं, चूल कुठं, न्हाणीचं दार कुठल्या बाजूला. आमच्या फिल्मचा नकाशा कोणालाच काढता आला नाही. सहा मिनिटांच्या फिल्ममधे आम्ही ४३ शॉट लावलेले, खालनं, वरनं, वाकडा, मोरीच्या भोकातनं, आणि एकाही शॉटमधे माजघरात बसलेल्या माणसाला न्हाणीचं दार दिसतं का नाही ते कळत नव्हतं. मग त्या दारातनं कोण आलं काय आणि नाही आलं काय.

दुसऱ्यांदा त्याच घरात (माझ्या मामीचं घर, खानापूरच्या पलीकडं, जुनं कौलारू) शूट केलं तेव्हा ठरवलं की फक्त तीन जागी ट्रायपॉड लावायचा. एक सोप्यातनं आत बघणारी फ्रेम, त्यात माजघर, त्याच्या मागं स्वयंपाकघराची चौकट आणि अगदी शेवटी न्हाणीचं पत्र्याचं दार, म्हणजे एकामागं एक तीन दारं एका रेषेत. दुसरी फ्रेम परड्यातनं, म्हणजे मागच्या मोकळ्या जागेतनं, घराकडं. तिसरी माजघरात जमिनीलगत, अंथरुणावर झोपलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर. पहिल्या दीड मिनिटात ह्या तिन्ही फ्रेममधे काहीच होत नाही, मामीची मुलगी केर काढते, मामी फोनवर बोलते, मांजर चौकटीतनं जातं. कंटाळा येईल अशी भीती वाटली तर येऊ दे, दीड मिनिटच आहे, पण त्या वेळात प्रेक्षकाच्या डोक्यात घर बसतं. त्यानंतर पहिल्या फ्रेममधे परत आलो आणि फक्त शेवटचं पत्र्याचं दार वीतभर उघडं ठेवलं. क्लोजअप नाही, म्युझिक नाही, कोणी तिकडं बघत पण नाही. ज्यांनी ते आपलं आपण टिपलं त्यांचं अंग तिथंच आखडलं, मी बाजूला बसून बघितलंय, कारण ते त्यांनी शोधलेलं होतं, आम्ही दाखवलेलं नव्हतं.

स्वीडनच्या डेव्हिड सँडबर्गनं २०१३ साली 'लाइट्स आऊट' नावाची शॉर्ट फिल्म घरातच केली, बायकोला घेऊन, तीन मिनिटांच्या आत, एक शब्द संवाद नाही. पुढं २०१६ ला त्यावर मोठा सिनेमा निघाला. त्यात सुरुवातीला काय आहे, तर लाईटचं बटण. बंद केलं की अंधारात कोणीतरी उभं दिसतं, चालू केलं की नाही. बंद, चालू, बंद, चालू. म्हणजे तो आधी नियम शिकवतो, बघणाऱ्याला तो पाठ होईपर्यंत थांबतो आणि मग एकदा बटण बंद केल्यावर ती आकृती आधीपेक्षा जवळ असते. आपल्याकडची पोरं ती फिल्म बघून चेहऱ्याचा मेकअप उचलतात, उचलायचं आहे ते बटण.

कॅमेरा हलवण्याबद्दल थोडं. हातात धरून हलवला की भीती येते असा समज आहे. माणूस पळत असेल तर चालतं, पण बसलेल्या बाईचा शॉट पण थरथरत असेल तर प्रेक्षकाला वाटतं कॅमेरावाल्याला थंडी वाजतीय. उलट जिथं कोणीच हलत नाही तिथं कॅमेरा अगदी हळू पुढं सरकला तर मनात येतं की हे बघतंय कोण. स्लायडर (कॅमेरा सरकवायची पट्टी) नसेल तर जाड घोंगडं फरशीवर टाका, त्यावर ट्रायपॉड, आणि एकानं घोंगडं हळूहळू ओढायचं, सारवलेल्या जमिनीवर जमणार नाही पण शहाबादी फरशीवर मख्खन जातं. आणि माणूस फ्रेमच्या मधोमध ठेवायची सवय सोडा. त्याला एका कडेला घ्या आणि उरलेल्या रिकाम्या जागेत एक चौकट, एक खिडकी, एक अंधारा कोनाडा येऊ दे, म्हणजे बघणाऱ्याचा डोळा आपोआप तिकडं जातो आणि तिथं काही नसलं तरी तो परत परत जातो.

काळोख दिसत नाही, खडखडीत दाणे दिसतात

हा टेक्निकल प्रॉब्लेम आहे आणि सोपा आहे, पटकन सांगतो. मोबाईल अंधारात स्वतःच ब्राइटनेस चढवतो, नाईट मोड आणि एचडीआर बंद करा, एक्सपोजर आणि फोकस लॉक करा, नाहीतर टॉर्च हलली की सगळी भिंत उजळते-मिटते. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद) वाढवून अंधार शूट करू नका, दाणे त्यानंच येतात, थोडा उजेड द्या, एकाच बाजूनं, खिडकीबाहेर एलईडी ठेवून, आणि नंतर एडिटमधे खाली आणा. आपल्याकडचा करंट ५० हर्ट्झचा, त्यामुळं सेकंदाला ३० फ्रेमवर ऑटो शटरनं ट्यूबलाईटखाली शूट केलं की पट्टे सरकताना दिसतात. २५ फ्रेम, शटर १/५० ठेवा, पट्टे जातात. खिडकीबाहेर रात्र हवी असेल तर तिन्हीसांजेला सूर्य बुडाल्यावरची वीस-पंचवीस मिनिटं मिळतात, तेव्हा बाहेर गडद निळं येतं, खऱ्या रात्री नुसतं काळं भोक दिसतं. त्या वीस मिनिटांसाठी दुपारपासनं सगळी तयारी करून बसा.

आणि व्हॉट्सअपवर फाईल पाठवून "कशी वाटली" विचारू नका. व्हॉट्सअप फाईल दाबतं, अंधाराचे चौकोनी तुकडे होतात. ड्राइव्हची लिंक द्या. पडद्यावर दाखवणार असाल तर ज्या जागी दाखवणार तिथंच प्रोजेक्टर लावून बघा, मंडपाची तोरणं चालू असली की आमचा सगळा काळोख राखाडी झालेला, हे आम्ही भोगलंय.

आवाज: इथं सगळ्यात जास्त वेळ घाला

डोळे मिटून फिल्म एकदा ऐका. खरंच मिटून. नुसत्या आवाजावर तुम्हाला कळलं पाहिजे की आपण घराच्या कुठल्या भागात आहोत, पाऊस चालू आहे का थांबला, रात्र किती झाली. माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक फिल्मांमधे पहिल्या सेकंदापासनं एक घूंऽऽ करणारा ड्रोन, म्हणजे सलग घुमणारा आवाज असतो, नेटवरनं उतरवलेला, शेवटपर्यंत सलग. तो पहिल्या सेकंदाला सांगतो की घाबरा, आणि माणूस सहा मिनिटं एकाच आवाजाला घाबरत बसत नाही, अर्ध्या मिनिटात कान त्याला सोडून देतो. मग तुमच्याकडं वाढवायला पण काही उरत नाही आणि थांबवायला पण.

करंट गेल्यावर घरात काय होतं ते आठवा, आपल्याला तर पावसात रोजचं आहे. आधी फ्रिजची घरघर बंद होते, आणि ती चालू होती हे तेव्हाच कळतं. मग पंखा, त्याचा वारा आधी जातो आणि पाती फिरत राहतात, टक, टक, प्रत्येक फेरीला जुन्या बेअरिंगचा आवाज लांबत लांबत जातो. मग शेजारचा टीव्ही गप्प. मग एकदम लांबचं ऐकू यायला लागतं, ओढ्याचं पाणी, पागोळ्या, कुठंतरी कुत्रं, आपलाच श्वास. दहा सेकंद पण लागत नाहीत ह्याला आणि ह्यात भूत कुठंच नाही, पण लहानपणी आपण सगळे त्या दहा सेकंदांत आईच्या जवळ सरकलोय. आम्ही हेच रेकॉर्ड केलं. मेन स्विच पाडून, चार वेळा, रेकॉर्डर एकदा माजघरात, एकदा फ्रिजजवळ, एकदा थेट पंख्याखाली. फिल्ममधे ड्रोन ठेवलाच नाही, फ्रिजची घरघर पहिल्यापासनं बारीक चालू ठेवली, कोणाच्या लक्षात पण येत नाही, आणि अडीच मिनिटांनी ती काढून घेतली. तिथं माणसं मान वर करतात. काय झालं ते त्यांना सांगता येत नाही.

म्हणून प्रत्येक जागेचा नुसता आवाज रेकॉर्ड करा, रूम टोन म्हणतात त्याला. सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट, कपड्यांची सळसळ पण नको. सोप्याचा वेगळा, माजघराचा वेगळा, परड्यातला वेगळा, रात्री आठचा वेगळा, दोनचा वेगळा. हा नसेल तर दोन वाक्यांच्या मधे आवाज एकदम मेल्यासारखा होतो आणि खरी शांतता जिथं हवी तिथं ती वापरायला शिल्लक राहत नाही. पूर्ण शून्य आवाज फक्त एकदाच वापरा, दोनदा वापरला की लोकांना वाटतं स्पीकरची वायर सुटली.

रातकिडे. आमच्याकडं प्रत्येक फिल्ममधे रातकिडे असतात, पण एकच क्लिप गोल गोल फिरवलेली. जो गावात वाढलाय त्याला माहीत असतं की माणूस जवळ गेला, जमीन हलली की जवळचे किडे गप्प होतात आणि लांबचे चालू राहतात. ही भीतीची आयती भाषा आहे. परड्यातनं डावीकडून-उजवीकडून दोन वेगळे ट्रॅक लावा, दोन मिनिटं चालू दे, मग नुसता डावीकडचा गप्प करा. डावीकडं कोणीतरी आहे हे सांगायला पावलं नकोत, पैंजण तर अजिबात नको. छमछम ऐकलं की आता कोणी घाबरत नाही. ही बारीक गोष्ट हेडफोनवर जास्त लागते, मंडपात दोन्ही स्पीकर एकाच बाजूला असले तर वाया जाते.

पाऊस हा दुसरा घोळ. कौलावर पाऊस पडत असताना संवाद रेकॉर्ड केले की दोन गोष्टी होतात, एक तर वाक्यं बुडतात, आणि दुसरं म्हणजे एका टेकला पाऊस जोरात, दुसऱ्याला रिमझिम, मग कट मारला की आभाळ तुटल्यासारखं ऐकू येतं. पाऊस कधीच दृश्यासोबत घेऊ नका. उघडीप मिळेल तेव्हा संवाद घ्या, पाऊस वेगळा घ्या, कौलावरचा, पत्र्यावरचा, केळीच्या पानावरचा, नुसत्या पागोळ्यांचा, प्रत्येकी पाच मिनिटं, आणि नंतर थर लावा. माईकवर केसाळ कव्हर नसेल तर वाऱ्याचा फडफडाट काढता येत नाही, कुठल्याही सॉफ्टवेअरनं नीट निघत नाही, ह्यावर वेळ घालवू नका, परत रेकॉर्ड करा.

१९ हर्ट्झचं मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. इंग्लंडमधे व्हिक टँडी म्हणून एक इंजिनिअर होते, त्यांच्या लॅबमधे लोकांना अस्वस्थ वाटायचं, कडेला राखाडी काहीतरी दिसायचं, आणि त्यांनी शोधून काढलं की एक पंखा सुमारे १९ हर्ट्झचा, कानाला न ऐकू येणारा आवाज करतोय, १९९८ साली त्यावर त्यांचा लेख छापून आला. ते वाचून पोरं फिल्ममधे १९ हर्ट्झ घालतात. बाबांनो, मोबाईलचा स्पीकर तो वाजवूच शकत नाही, तुमचा मंडपातला स्पीकर पण नाही, त्यात नुसती फाईलमधली जागा आणि लिमिटर (आवाज ठराविक हद्दीवर अडवणारं टूल) खाल्ला जातो. तेच ५०-६० हर्ट्झच्या घुमण्याचं, स्टुडिओच्या हेडफोनवर छाती हलते आणि मोबाईलवर काहीच नाही, आणि बघणारे निम्म्याहून जास्त मोबाईलवरच बघणार. खालचा आवाज हवाच असेल तर त्याच्यासोबत २००-३०० हर्ट्झच्या आसपासचं काहीतरी जोडा, जात्याची घरघर, दगडी पाट्यावर वरवंटा सरकल्याचा आवाज, म्हणजे लहान स्पीकरवर पण तो पोचतो. शेवटचा मिक्स स्वस्तातल्या मोबाईलवर ऐकल्याशिवाय एक्सपोर्ट करू नका.

दचकवायची जागा, ते धाडकन वाजणारं. त्याला माझा विरोध नाही, पण तो आवाज मोठा करून मोठा होत नाही, त्याच्या आधीचा भाग लहान करून होतो. सगळीच फिल्म जोरात मिक्स केली तर यूट्यूब सगळीच खाली आणतो, -१४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या सरासरी जोराचं माप) आसपास, आणि धाडकन आवाज पण बाकीच्यांच्यात बसून जातो. आधीची वीस सेकंदं इतकी हळू ठेवा की माणूस ऐकायला पुढं वाकेल. हाड मोडल्याचा आवाज हवा तर कच्चं गाजर किंवा शेवग्याची शेंग माईकजवळ मोडा, नेटवरच्या आवाजापेक्षा बरा येतो, वरनं ओल्या फडक्याचा पिळ द्या.

आपल्या सीमाभागाचं स्वतःचं भय

हे लिहायला मी थांबलो होतो, कारण ह्यात सगळ्यात जास्त हातातनं जातंय आपल्या. आपल्या फिल्मांमधलं भूत कुठनं तरी उसनं आणलेलं असतं, पांढरा गाऊन, उलटी चढणारी पोरगी. आणि इथं काय काय पडलंय. चकवा आहे, माणूस रात्री ओळखीच्या वाटेनं निघतो आणि फिरून फिरून त्याच आंब्याखाली येतो, ह्यात भूत दाखवायची गरजच नाही, तीच एक फ्रेम परत आली की झालं. आणि 'नाळे बा'. नव्वदच्या दशकात कर्नाटकात ही गोष्ट पसरलेली, रात्री कोणीतरी दार वाजवतं, तुमच्या घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारतं, दार उघडलं की मेला, म्हणून लोकांनी दारावर कानडीत लिहून ठेवलं 'नाळे बा', म्हणजे उद्या ये. रोज येतं, रोज वाचतं, रोज परत जातं.

आता बघा, आपण दोन भाषांत जगणारी माणसं. मामी घरात मुलीशी मराठी बोलते, दूधवाल्याशी कानडी, बँकेत कानडी, देवासमोर मराठी. आम्ही पहिल्या दीड मिनिटात हेच बसवलं, फोनवर मामी कानडीत बोलतेय, फोन ठेवते आणि मुलीला म्हणते, "अगं, तांदूळ निवडून ठेव की." मग रात्री मामी गोठ्याकडं गेलेली, मुलगी आत एकटी, करंट गेलेला, आणि दाराबाहेरनं मामीचाच आवाज, अगदी रोजच्या सुरात, दमलेला, "बागला तगी."

दार उघड. बस, एवढंच. ओरडणं नाही, घोगरा इफेक्ट नाही, रिव्हर्ब (घुमारा) नाही. मामीनं स्वतः म्हटलंय ते, आम्ही तिला सांगितलेलं की दूधवाल्याशी बोलतेस तसंच म्हण. आमच्या गल्लीत पडदा लावून हे दाखवलं तेव्हा त्या वाक्याला कोणी हललं नाही, कारण इथल्या प्रत्येकाला कळतं की आई लेकीला ह्या भाषेत हाक मारणार नाही. पुण्यातल्या एका मित्राला पाठवलं तर त्याला काही झालं नाही, त्याला वाटलं की ही कानडी बाई आहे. म्हणून फोनचा शॉट आम्ही आठ सेकंदांचा वीस सेकंद केला, मुलीशी मराठीत अजून एक वाक्य वाढवलं, मग त्याचा पण फोन आला.

सबटायटलमधे एक घोळ हमखास होतो, तो बघून घ्या. ओळ आवाजाच्या आधी उमटते, म्हणजे भुतानं तोंड उघडायच्या आधीच वाचून झालेलं असतं. भीतीच्या जागी सबटायटल पाच-सहा फ्रेम उशिरा आणा. आणि 'दार करकरतं' असलं कंसात लिहायचं असेल तर ते पण आवाजानंतर.

एक मनापासनं सांगतो. विधवा बाई, एकटी राहणारी म्हातारी, हिला हडळ करू नका. गावात अशा बायकांच्या नावानं आधीच कुजबुज असते, तुमची सहा मिनिटांची फिल्म तिच्या दारात जाऊन बसते आणि तुम्ही बेळगावला परत येता. कोणाचं बंद पडकं घर वापरलं तर मालकाला विचारा आणि गावाचं नाव घेऊन ते भुताचं घर म्हणून टाकू नका, उद्या ते विकलं पण जात नाही. तसंच भीमगडच्या जंगलात रात्री परवानगीशिवाय घुसू नका, ते २०११ पासनं अभयारण्य आहे, आणि तिथल्याच बारापेडेच्या गुहांत तर शूटिंगचा विचारच नको, तिथं जगात फार थोड्या ठिकाणी मिळणारं रॉटनचं वटवाघूळ राहतं, तुमचे एलईडी आणि किंकाळ्या त्यांना सोसणाऱ्या नाहीत. गुहाच हवी तर माळ्यावर काळं घोंगडं टांगून ओल्या मडक्यात तोंड घालून आवाज रेकॉर्ड करा, मी केलाय, फरक कळत नाही.

एवढं सगळं करून पण हसू येत असेल तर भूत दिसतं तो शॉट अर्धा करा. मग अजून अर्धा. आमचा न्हाणीतला शॉट चार सेकंदांचा होता, तो बारा फ्रेमवर आणला, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत, तेव्हा पुढच्या ओळीतली पोरं गप्प झाली. पण तिथं दाराच्या कडीचा आवाज अजून मला पटलेला नाही, लोखंडी कडी पत्र्यावर पडल्यावर जो एक बारीक कंप राहतो तो रेकॉर्डिंगमधे आलाच नाही, माईक लांब होता. मामीला सांगून ठेवलंय दार बदलू नको म्हणून. जूनमधे परत जाणार आहे, ह्यावेळी माईक कडीच्या वीतभर खाली, आतल्या बाजूनं.